जुन्या डिझेल ट्रॅक्टरमधील इंधनपुरवठ्याच्या दोषांचे निदान

जुन्या डिझेल ट्रॅक्टरमधील इंधनपुरवठ्याच्या दोषांचे निदान म्हणजे टाकीतील डिझेल इंजिनाच्या सिलिंडरांपर्यंत योग्य प्रमाणात, योग्य दाबाने आणि योग्य क्षणी पोहोचत नसल्यास त्यामागील कारण क्रमवार तपासणीने शोधून काढण्याची पद्धत होय. या लेखात ‘जुना ट्रॅक्टर’ ही संज्ञा पूर्णतः यांत्रिक इंजेक्शन पंप असलेल्या, म्हणजेच इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेल्या ट्रॅक्टरांसाठी वापरली आहे.

अशा ट्रॅक्टरांत इंजिन सुरू न होणे, चालता चालता बंद पडणे, भाराखाली दम सोडणे किंवा लंगडत चालणे या तक्रारी आल्या की इंजेक्शन पंप बिघडल्याचा समज लगेच होतो. प्रत्यक्षात पुष्कळ दोष पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकी, तोटी, नळ्या, गाळण्या आणि फीड पंप या भागांत असतात आणि ते साध्या अवजारांनी दूर करता येतात. इंजेक्शन पंप हा संपूर्ण यंत्रणेतील सर्वांत महाग व नाजूक भाग असून तो उघडण्यास विशेष यंत्रसामग्री लागते. त्यामुळे टाकीपासून सुरुवात करून पंपाकडे जाणे आणि पंपावर सर्वांत शेवटी संशय घेणे, हे या निदानाचे मूलभूत सूत्र आहे.

## पार्श्वभूमी

रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे झाली. सुरुवातीच्या डिझेल इंजिनांत इंधन सिलिंडरात फवारण्यासाठी दाबाखालील हवा वापरली जाई. त्यासाठी लागणारा अवजड कॉम्प्रेसर लहान वाहनांवर बसविणे शक्य नव्हते. केवळ द्रव इंधनावरच उच्च दाब देणारे पंप विकसित झाल्यावर ही अडचण दूर झाली. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये अशा पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिन मालमोटारी व ट्रॅक्टर यांच्या आवाक्यात आले.

भारतात आयशर कंपनीने १९५९ मध्ये फरिदाबाद येथे देशात बनविलेला पहिला ट्रॅक्टर तयार केला. त्यानंतरच्या दोन दशकांत महिंद्रा, टॅफे, एस्कॉर्ट्स, एचएमटी आणि स्वराज या नावांचे ट्रॅक्टर शेतांत दिसू लागले. इंजेक्शन पंपांच्या निर्मितीत १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा, म्हणजे ‘मायको’चा, वाटा मोठा होता. ही कंपनी पुढे बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या नाशिक येथील कारखान्यात इंजेक्टर व नोझल तयार होतात. आजही अनेक मेकॅनिक यांत्रिक इंजेक्शन पंपाला ‘मायको पंप’ असेच म्हणतात. या काळातील बरेच ट्रॅक्टर अजून वापरात असल्याने यांत्रिक इंधनयंत्रणेच्या दुरुस्तीचे ज्ञान ग्रामीण भागात आजही उपयोगी पडते.

## इंधनयंत्रणेची रचना

निदान करण्यापूर्वी डिझेलचा मार्ग लक्षात घेणे आवश्यक असते. या मार्गाचे कमी दाबाचा आणि उच्च दाबाचा असे दोन विभाग पडतात.

### कमी दाबाचा विभाग

या विभागात टाकी, तिच्या झाकणातील हवेचे छिद्र, टाकीच्या तळाशी असलेली तोटी व तिची जाळी, गाळ व पाणी साठण्यासाठी असलेली काचेची वाटी, फीड पंप आणि गाळण्या, म्हणजे फिल्टर, यांचा समावेश होतो. टाकी बहुधा इंजिनापेक्षा उंचावर असते. त्यामुळे डिझेल काही अंशी स्वतःच्या वजनाने खाली येते, तर उरलेले काम फीड पंप करतो. फीड पंप दट्ट्याचा किंवा पडद्याचा असतो. दोन्ही प्रकारांत इंजिन बंद असताना हाताने डिझेल चढविण्याची सोय असते. दट्ट्याच्या पंपावर त्यासाठी दांडा असतो, तर पडद्याच्या पंपावर लहान तरफ असते.

गाळण्या साधारणतः दोन असतात. पहिली जाड कचरा अडविते व दुसरी सूक्ष्म कण रोखते. दुसऱ्या गाळणीची आवश्यकता पंपाच्या घडणीवरून लक्षात येते. इंजेक्शन पंपातील दट्ट्या व त्याची नळी यांच्यामध्ये अवघे २ ते ४ मायक्रोमीटर अंतर असते. १ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय. डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही या पृष्ठभागांवर ओरखडा पाडू शकतो.

### उच्च दाबाचा विभाग

या विभागात इंजेक्शन पंप, प्रत्येक सिलिंडराकडे जाणाऱ्या जाड पोलादी नळ्या आणि इंजेक्टर येतात. इंजेक्टरातील स्प्रिंग ठरावीक दाबापर्यंत नोझलची सुई मिटवून धरते. थेट फवारणीच्या अनेक जुन्या इंजिनांत हा दाब सुमारे १७५ ते २२० बार इतका असतो. दाब त्याहून वाढला की सुई उचलली जाते आणि डिझेल बारीक तुषारांच्या रूपात बाहेर पडते. सुईच्या बाजूने झिरपणारे थोडे डिझेल परतीच्या नळीने माघारी जाते.

जुन्या ट्रॅक्टरांत दोन प्रकारचे इंजेक्शन पंप आढळतात. रांगेतील पंपात प्रत्येक सिलिंडरासाठी स्वतंत्र दट्ट्या असतो. वितरक पंपात एकच दाबयंत्रणा आळीपाळीने सर्व सिलिंडरांना डिझेल पुरविते. रांगेतील पंपाच्या खालच्या भागाला बहुधा ऑइलचे वंगण मिळते, तर वितरक पंपाचे अंतर्भाग डिझेलनेच वंगण पावतात. त्यामुळे पाणी किंवा भेसळयुक्त डिझेल यांचा उपद्रव वितरक पंपाला अधिक लवकर जाणवतो.

### पुरवठ्याचे प्रमाण

तीन सिलिंडरांचे चार टप्प्यांचे इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असल्यास एका मिनिटात एकूण ३००० वेळा फवारणी होते. अशा इंजिनाला भाराखाली तासाला ७ लिटर डिझेल लागत असेल, तर एका फवारणीच्या वाट्याला सुमारे ३९ घन मिलिमीटर, म्हणजे एखाद-दोन थेंबांएवढे डिझेल येते. एवढ्या लहान मात्रेच्या मार्गात हवेचा बुडबुडा आला, तर दट्ट्याचा संपूर्ण रेटा तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो आणि नोझल उघडण्याइतका दाब निर्माण होत नाही. पेट्रोल इंजिनाच्या तुलनेत डिझेल इंजिनाला हवा शिरण्याचा त्रास इतका का होतो, याचे उत्तर या हिशेबात आहे. ‘ट्रॅक्टरने हवा धरली’ किंवा ‘एअर घेतली’ असे जे म्हटले जाते, ते याच स्थितीचे वर्णन होय.

## लक्षणे

धुराड्यातून निघणारा धूर ही निदानाची पहिली खूण होय. इंजिन स्टार्टरने फिरविताना अजिबात धूर येत नसेल, तर सिलिंडरात डिझेल पोहोचत नाही असे समजावे. पांढरा धूर येत असूनही इंजिन धरत नसेल, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही. अशा वेळी कमी दाबाच्या विभागात वेळ घालविण्याऐवजी कॉम्प्रेशन, फवारणीची वेळ, नोझलची अवस्था किंवा डिझेलमधील पाणी यांकडे वळावे. भाराखाली येणारा काळा धूर हवेच्या मानाने डिझेल जास्त झाल्याचे दर्शवितो. त्याचे कारण तुंबलेला एअर क्लीनरही असू शकते. निळसर धूर बहुधा वंगणाचे ऑइल जळत असल्याची खूण असून त्याचा डिझेलच्या पुरवठ्याशी सहसा संबंध नसतो.

| लक्षण | संभाव्य स्थान | पहिली तपासणी |
|---|---|---|
| इंजिन फिरते, धूर नाही, सुरू होत नाही | बंद तोटी, अडकलेली स्टॉप केबल, हवा, फीड पंप | तोटी व स्टॉपची तरफ पाहणे |
| काही वेळ चालून बंद पडते, थांबल्यावर पुन्हा सुरू होते | झाकणाचे छिद्र, टाकीतील कचरा | झाकण सैल करून चालविणे |
| रिकामे नीट चालते, भाराखाली दम सोडते, धूर कमी | तुंबलेली गाळणी, अशक्त फीड पंप, परतीची झडप | डिझेलचा प्रवाह मोजणे |
| वेग आपोआप कमी-जास्त होतो | कमी दाबाच्या विभागातील हवा, गव्हर्नर | हवा काढून पुन्हा पाहणे |
| लंगडत चालते | एखादा इंजेक्टर, त्याची नळी, पंपातील एक दट्ट्या | एकेका इंजेक्टराची चाकी सैल करणे |
| थंड असता सुरू होते, गरम झाल्यावर सुरू होत नाही | पंपातील झीज | सुरुवातीच्या तपासण्या करून पंप केंद्रात नेणे |
| इंजिन ऑइलची पातळी वाढते | फीड पंपाचा पडदा, पंपाचे सील | ऑइलचा वास व पातळपणा पाहणे |

## निदानाचा क्रम

निदान करताना एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम पाहावा. गाळणी, फीड पंप व नोझल एकदम बदलल्यास दोष गेला तरी तो कशात होता हे कळत नाही आणि तोच दोष पुन्हा उद्भवल्यावर शोध नव्याने घ्यावा लागतो.

### १. इंधनाव्यतिरिक्त कारणे वगळणे

बॅटरी अशक्त असल्यास इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही. परिणामी दाबलेली हवा डिझेल पेटण्याइतकी तापत नाही. एअर क्लीनर तुंबलेला असल्यास किंवा त्याच्या वाटीत प्रमाणाबाहेर ऑइल भरलेले असल्यास इंजिनाचा श्वास कोंडतो. या दोन गोष्टी पाहण्यास काही मिनिटे पुरतात. त्याच वेळी इंजिन बंद करण्याची केबल ओढलेल्या स्थितीत अडकलेली नाही ना, हे पंपावरील तरफ हाताने हलवून पाहावे. गंजलेल्या केबलमुळे दांडी आत गेलेली दिसते, परंतु पंपावरील तरफ मात्र ‘बंद’ स्थितीतच राहते.

### २. टाकी व झाकण

टाकीतून जेवढे डिझेल बाहेर पडते तेवढी हवा आत येणे आवश्यक असते. झाकणाचे छिद्र धूळ वा रंगाने बुजल्यास टाकीत निर्वात निर्माण होऊ लागतो आणि प्रवाह मंदावत जाऊन इंजिन बंद पडते. झाकण उघडताना हवा आत खेचल्याचा आवाज येणे ही त्याची खूण होय. झाकण सैल ठेवून इंजिन सुरळीत चालल्यास दोष सापडला असे समजावे.

टाकीच्या तळाशी गंज, चिखल व पाणी साचते. पाणी आणि डिझेल जेथे एकमेकांना भिडतात तेथे सूक्ष्मजीव वाढून काळपट बुळबुळीत थर तयार होतो. असा थर किंवा एखादा चिंधीचा तुकडा तोटीच्या तोंडाशी ओढला जाऊन मार्ग अडवितो आणि इंजिन थांबल्यावर पुन्हा बाजूला सरकतो. त्यामुळे हा दोष कधी दिसतो, कधी नाहीसा होतो.

### ३. प्रवाहाची तपासणी

फीड पंपाकडे येणारी नळी सोडवून ती स्वच्छ भांड्यात धरावी आणि तोटी उघडावी. टाकी उंचावर असलेल्या ट्रॅक्टरात नळीभर सलग धार यावयास हवी. धार बारीक असल्यास किंवा सुरुवातीस चांगली येऊन नंतर मंदावत असल्यास अडथळा टाकी, तोटी किंवा नळीत आहे. भांड्यातील डिझेल थोडा वेळ स्थिर ठेवल्यास पाणी असल्यास ते तळाशी वेगळे दिसते.

### ४. वेगळ्या डब्यावर चालवून पाहणे

दोषाची जागा निश्चित करणारी ही सर्वांत उपयुक्त चाचणी होय. स्वच्छ डब्यात नवे डिझेल भरून तो पंपापेक्षा उंचावर स्थिर ठेवतात आणि त्यातून नळी थेट फीड पंपाच्या आवक तोंडाला जोडतात. हवा काढून इंजिन सुरू केल्यावर ते भाराखाली नीट चालले, तर दोष टाकी, तोटी, जाळी वा नळी यांतच आहे हे सिद्ध होते. तक्रार तशीच राहिली, तर तो भाग निर्दोष ठरतो आणि पुढे जाता येते. या चाचणीत गाळणी वगळून डिझेल सरळ इंजेक्शन पंपात कधीही सोडू नये.

### ५. फीड पंप व गाळण्या

फीड पंपाची जावक नळी सैल करून हाताचा दांडा चालविल्यावर प्रत्येक रेट्यासरशी जोरकस धार यावी. पडद्याच्या पंपाची तरफ काही वेळा हलकी लागते आणि डिझेल चढत नाही. त्याचा अर्थ पंप निकामी आहे असा नेहमी होत नाही. पंप चालविणारा कॅम उंच स्थितीत थांबल्यास तरफेला हालचाल उरत नाही. इंजिन एक फेरा फिरवून पुन्हा पाहावे. दट्ट्याच्या पंपात झडपांखाली कचरा अडकणे व वॉशर झिजणे हे नेहमीचे दोष होत.

गाळणी तुंबली आहे की नाही हे वरून सांगता येत नाही. फीड पंपातून धार चांगली असून गाळणीनंतर ती मंद असल्यास गाळणी बदलावी. कागदी गाळणी धुऊन पुन्हा वापरणे अयोग्य आहे. धुण्याने कागदाची छिद्रे फाटतात व अडलेला कचरा पुढे जातो.

रांगेतील पंपाच्या परतीच्या मार्गावर स्प्रिंग असलेली झडप असते. ती पंपातील डिझेलवर थोडा दाब कायम राखते. तिची स्प्रिंग मोडल्यास किंवा दुरुस्तीच्या वेळी तिच्या जागी साधा पोकळ बोल्ट बसविला गेल्यास दाब उतरतो आणि ट्रॅक्टर भाराखाली कमजोर होतो. गाळण्या नव्या असूनही शक्ती कमी पडत असल्यास ही झडप आवर्जून पाहावी.

### ६. हवेचा प्रवेश शोधणे

हवा बहुधा नळ्यांच्या सांध्यांतून, वारंवार वापरलेल्या तांब्याच्या वॉशरांतून, गाळणीच्या भांड्याखालील रबरी कड्यातून किंवा तडा गेलेल्या रबरी नळीतून शिरते. जेथून डिझेल झिरपते तेथूनच हवा शिरेल असे नाही. फीड पंपाच्या ओढीच्या बाजूला असलेली फट बाहेरून कोरडी दिसते, पण इंजिन चालू असताना हवा आत घेते. टाकीतील पातळी खाली गेल्यावरच दोष दिसणे हे अशा फटीचे लक्षण होय. फीड पंपाच्या आवक नळीच्या जागी तात्पुरती पारदर्शक नळी जोडल्यास बुडबुडे प्रत्यक्ष दिसतात. तेथे बुडबुडे नसून पुढे आढळत असल्यास फट पंप वा गाळणीत शोधावी.

### ७. इंजेक्टर

लंगडत चालणाऱ्या इंजिनात मंद वेगावर एका इंजेक्टराची उच्च दाबाची चाकी किंचित सैल करतात. आवाजात बदल होऊन इंजिन आणखी लंगडल्यास तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक न पडल्यास दोष त्या सिलिंडरात आहे. चाकी पुन्हा आवळून दुसऱ्या सिलिंडराची तपासणी करावी. त्यानंतर संशयित इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरातील इंजेक्टराशी अदलाबदल करतात. दोष इंजेक्टराबरोबर दुसरीकडे गेल्यास इंजेक्टर बदलावा किंवा दुरुस्त करावा. दोष जागीच राहिल्यास पंपाचा दट्ट्या, नळी वा कॉम्प्रेशन तपासावे.

इंजेक्टर उघडण्याचा दाब, तुषारांचा आकार व थेंब गळणे यांची खरी परीक्षा दाबमापक असलेल्या हातपंपावरच होते. इंजेक्टर काढल्यावर त्याखालील तांब्याचा वॉशर नवा बसवावा. दोन वॉशर एकावर एक राहिल्यास नोझलची स्थिती बदलते व फवारणी चुकीच्या जागी होते.

### ८. इंजेक्शन पंप

वरील सर्व तपासण्या झाल्यावरच पंपाचा विचार करावा. झिजलेल्या दट्ट्याची खूण गरम इंजिनात दिसते. डिझेल तापले की पातळ होते आणि झिजलेल्या फटीतून मागे निसटते. म्हणून सकाळी सहज सुरू होणारा ट्रॅक्टर दुपारी बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. इंजिन बंद असताना पंपावर ओले फडके ठेवून तो निवल्यावर इंजिन सुरू झाल्यास झिजेचा संशय बळावतो.

दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरात पंपाची नियंत्रक पट्टी किंवा दट्ट्या जाम झालेला असू शकतो. पट्टी पूर्ण पुरवठ्याच्या स्थितीत अडकल्यास इंजिन सुरू होताच बेफाम वेग घेते. त्यामुळे अशा ट्रॅक्टरात पट्टी मोकळी हलते याची खात्री केल्याशिवाय इंजिन फिरवू नये.

पंपावरील सीलबंद स्क्रू जास्तीत जास्त डिझेल व कमाल वेग यांची मर्यादा ठरवितात. शक्ती कमी पडते म्हणून ते फिरविणे हा दोषावरचा उपाय नव्हे. मूळ कारण कायम राहून काळा धूर, इंधनाचा अपव्यय आणि इंजिनाची अतिरिक्त उष्णता एवढेच पदरी पडते. पंपाची जोडणी चाचणी-यंत्र असलेल्या केंद्रातच करावी. पंप काढण्यापूर्वी त्याची कड व इंजिनाची बैठक यांवर एकत्र खूण करून ठेवल्यास फवारणीची वेळ न बिघडता तो परत बसविता येतो.

## हवा काढण्याची पद्धत

टाकी रिकामी होणे, गाळणी बदलणे किंवा नळी उघडणे यांनंतर यंत्रणेतील हवा काढावी लागते. हे काम टाकीकडून इंजेक्टरांकडे या दिशेनेच करतात.

1. टाकीत पुरेसे डिझेल भरून तोटी उघडतात आणि सांध्यांभोवतालची धूळ पुसून घेतात.
2. पहिल्या गाळणीवरील हवेचा स्क्रू सैल करून हाताचा दांडा चालवितात. बुडबुडेरहित डिझेल आल्यावर दांडा चालू ठेवूनच स्क्रू आवळतात.
3. दुसऱ्या गाळणीवर हीच कृती करतात.
4. इंजेक्शन पंपावरील स्क्रूतून हवा काढतात. वितरक पंपावर असे स्क्रू एकाहून अधिक असतात. त्यांचा क्रम पुस्तिकेनुसार ठेवतात.
5. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा व स्टॉपची तरफ ‘चालू’ स्थितीत ठेवून इंजेक्टरांकडील चाक्या किंचित सैल करतात आणि इंजिन स्टार्टरने फिरवितात. चाकीपाशी डिझेल उसळू लागल्यावर त्या आवळतात.
6. स्टार्टर थोडा थोडा वेळच चालवितात व मध्ये विश्रांती देतात, अन्यथा तो तापतो आणि बॅटरी उतरते.

हवा काढल्यावर इंजिन सुरू झाले, पण दुसऱ्या दिवशी तीच तक्रार आली, तर हवा शिरण्याची जागा अजून बंद झालेली नाही असे समजावे. वारंवार हवा काढणे ही दुरुस्ती नव्हे.

## पाणी व भेसळ यांचे परिणाम

पाणी टाकीत बाष्पाच्या रूपाने शिरते, पावसात उघड्या राहिलेल्या पिंपातून येते किंवा झाकणाच्या कडेने झिरपते. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील बाष्प थिजून थेंब तळाशी जमतात. पाण्याला डिझेलसारखा वंगणगुण नसल्याने पंपाचे दट्टे व नोझलच्या सुया ओरखडतात आणि गंजतात. ट्रॅक्टर काही आठवडे उभा राहिल्यास हा गंज पंप जाम करण्यास पुरेसा ठरतो.

केरोसीन डिझेलपेक्षा पातळ व कमी वंगणगुणाचे असते. केरोसीनमिश्रित डिझेलावर इंजिन चालते आणि हानी तत्काळ दिसत नाही. परंतु पंपाची झीज वाढत जाऊन पुढे गरम स्थितीत इंजिन सुरू न होण्याची तक्रार उद्भवते. डिझेलमध्ये वापरलेले इंजिन ऑइल मिसळण्याची प्रथाही हानिकारक आहे. त्यातील धातूचे सूक्ष्म कण व काजळी गाळणी तुंबवितात.

इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढणे ही गंभीर खूण आहे. पडदा फाटलेल्या फीड पंपातून किंवा झिजलेल्या सीलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरते. पातळ झालेले ऑइल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही. असा ट्रॅक्टर दोष दूर करून ऑइल बदलेपर्यंत चालवू नये.

## सुरक्षितता

इंजेक्टरातून सुटणारा तुषार त्वचा भेदून शरीरात शिरू शकतो. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते व सुरुवातीस फारशी दुखत नाही, पण आतील ऊतींचा नाश सुरू झालेला असतो. उपचारास उशीर झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. अशा वेळी घरगुती उपाय न करता जखमी व्यक्तीला त्वरित शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि दाबाखालील डिझेल शिरले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. उच्च दाबाची गळती हाताने चाचपू नये. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. इंजेक्टर बाहेर काढून, नळीला जोडून, हातात धरून फवारा पाहण्याची पद्धत या कारणाने धोकादायक आहे.

डिझेल पेट्रोलइतके ज्वालाग्राही नाही, तथापि ते निर्धोकही नाही. भारतीय मानक आयएस १४६० नुसार डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सियस असावा लागतो. तापलेल्या धुराड्याजवळ सांडलेले डिझेल पेट घेऊ शकते. काम करताना बिडी-सिगारेट वर्ज्य करावी, सांडलेले डिझेल लगेच पुसावे आणि ट्रॅक्टर गिअर न्यूट्रल ठेवून, हँडब्रेक ओढून, चाकांना उटी लावून उभा करावा.

हवा शोषण्याच्या तोंडात ज्वालाग्राही फवारे मारून किंवा पेटता बोळा धरून इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न टाळावा. त्याने पिस्टन व हेड यांची हानी होते व मूळ दोष झाकला जातो. इंजिन बेफाम झाल्यास स्टॉपची तरफ ओढावी. ती काम करीत नसल्यास हवेचे तोंड लाकडी फळीसारख्या भक्कम वस्तूने झाकावे. हाताने किंवा सैल कापडाने ते झाकू नये.

## प्रतिबंध

इंधनयंत्रणेची निगा प्रामुख्याने स्वच्छतेवर अवलंबून असते. दिवसाचे काम संपल्यावर टाकी भरून ठेवल्यास बाष्प साठण्यास जागा राहत नाही. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी वाटीतील व गाळणीच्या तळातील पाणी सोडावे. रात्रभर स्थिर राहिल्याने ते तळाशी जमलेले असते. पिंपातील डिझेल भरून आणल्यावर काही काळ निवू द्यावे, पिंप किंचित कलता ठेवावा आणि नळी तळापर्यंत न नेता वरच्या भागातील डिझेल घ्यावे. भरताना बारीक जाळीचे नरसाळे वापरावे. चिंधीतून गाळल्यास तिचे धागे टाकीत जातात.

गाळण्या निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या तासांनुसार बदलाव्यात. धुळीच्या मोसमात व मळणीच्या काळात त्या अधिक लवकर बदलणे हितावह ठरते. पेरणी व नांगरट यांचे दिवस मोजके असतात. त्या काळात ट्रॅक्टर बंद पडल्यास दुरुस्तीच्या खर्चापेक्षा वाया गेलेल्या वापशाचे नुकसान मोठे असते. म्हणून पावसाळ्यापूर्वी टाकी धुणे, रबरी नळ्या व तांब्याचे वॉशर बदलणे आणि इंजेक्टर तपासून घेणे ही कामे उरकून ठेवावीत. नव्या गाळण्या, वॉशरांचा संच व पारदर्शक नळीचा एक तुकडा ट्रॅक्टरच्या अवजारपेटीत असल्यास शेतातच बऱ्याच दोषांचे निदान करता येते.

## हेही पाहा

- डिझेल इंजिन
- ट्रॅक्टर
- इंजेक्शन पंप
- रुडॉल्फ डीझेल
- एअर क्लीनर